सम्राटचा ब्रेक जात नाही

सातारा,
५ नोव्हेंबर १९७४

चि. हंबीर,

आशीर्वाद. शालूच्या हाताचं प्लास्टर ओलं होऊ देऊ नका आणि तिला चुलीपुढे बसवू नका. काळजीचं एवढं लिहून झालं, आता रागाचं लिहिते.

काल रहिमतपुराहून कोंडीबा आला. माझ्या ऑफिसात शिपाई होता तोच, तुझ्या ड्रायव्हरचा, गुंडाचा बाप. आयुष्यात माझ्यापुढे कधी न बसलेला माणूस दारातच खाली बसला. म्हणाला, "आक्कासाहेब, पोराला कामावरनं काढलं. वर पोलिसात केस घातली. लायसन जानार म्हनत्यात."

मला जे कळलं ते असं. गुंडा तुझी सम्राट घेऊन शालूला लेकीकडे कोयनानगरला नेत होता. उतारावरच्या वळणात ब्रेकचं पेडल तळाला गेलं आणि गाडी थांबेना. एका अंगाला दरी होती. त्याने गाडी डोंगराच्या अंगाला, खडीच्या ढिगात घातली. शालूचा हात मोडला, गाडीचं नाक फुटलं, पण दोघंही जिवंत राहिली. दुसऱ्या एखाद्या घरात अशा ड्रायव्हरला फेटा बांधून बसवलं असतं. तू त्याच्यावर बेदरकारपणे गाडी चालवल्याची फिर्याद दिलीस! बायकोचा जीव वाचवणाऱ्यावर!

गुंडाला गाडी मी शिकवली आहे, माझ्या मर्लिनवर. पाटणपासून शिराळ्यापर्यंतच्या मुलींच्या शाळा तपासायला मी त्याच गाडीने हिंडले आणि हा पोरगा शेजारी बसून शिकला. तो सहा महिने तुझ्याकडे होता. सहा महिन्यांत तू त्या गाडीचे ब्रेक कोणाला दाखवलेस? मेकॅनिकचं नाव लिही. "गाडी चांगली चालते" हे उत्तर चालणार नाही. ते उत्तर मला माझ्या शाळामास्तरांनी फार वेळा दिलं आहे. इमारत चांगली आहे म्हणायचे आणि वर पाहिलं की आभाळ दिसायचं.

आणि जाता जाता विचारते. खंडेनवमीला वाहनांच्या पूजेत तुझी सम्राट, ट्रॅक्टर, अगदी मोटारसायकलसुद्धा झेंडूच्या माळा घालून ओळीत उभी होती. माझी मर्लिन तुझ्या गड्यांनी ढकलत गोठ्यामागे नेऊन का लावली? मी विचारलं तर एक जण म्हणाला, "फोटू काढायचा हाय न्हवं." मी तुझी थोरली बहीण आहे आणि माझी गाडी फोटोत चालत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हा सणाचं म्हणून गप्प बसले. आता बसणार नाही.

फिर्याद मागे घे.

चंद्राक्का

---

पलूस,
१० नोव्हेंबर १९७४

ती. चंद्राक्कास,

हंबीररावाचा साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र वाचलं, शालूलाही वाचून दाखवलं. आम्ही दोघं हसलो. राग मानू नये.

आक्का, तुम्ही शिकलेल्या आहात, पाचगणीच्या कॉन्व्हेंटात मडमांच्या हाताखाली वाढलात, शाळा तपासल्यात. पण गाडी हा तुमचा विषय नव्हे. सम्राटचा ब्रेक जात नाही. पलूसपासून सांगलीपर्यंत कोणालाही विचारा. कलेक्टर सम्राटमधून फिरतो. सिव्हिल सर्जन सम्राटमधून फिरतो. मी फौजेत असताना आमचे कर्नलसाहेब डोंगरात सम्राटमधून फिरत. साखर कारखान्याचे चेअरमन तिसरी सम्राट वापरत आहेत. त्यांचा ड्रायव्हर नानासो, ज्याच्या शब्दाबाहेर या भागात कोणी स्पार्क प्लगसुद्धा बदलत नाही, तो म्हणाला, "हंबीरराव, सम्राटचा बिरेक गेला ह्ये म्या जल्मात ऐकलं न्हाई." त्यावर मी मेकॅनिक कशाला शोधू?

उलट खरी गोष्ट तुमच्या पत्रातच आहे. पोरगा मर्लिनवर शिकला. मर्लिनचा ब्रेक दोनदा-तीनदा दाबल्याशिवाय लागत नाही हे सगळ्या दुनियेला ठाऊक आहे. त्या डबीवर पाय बिघडलेला माणूस सम्राटवर बसवला, ही माझी चूक. तुमच्या शब्दाखातर केली.

आता महत्त्वाचं. गुंडाने स्वतः कबूल केलं आहे. कारखान्याच्या पेट्रोल पंपावर, सगळ्या ड्रायव्हरांच्या देखत नानासोनं विचारलं, तेव्हा म्हणाला, "माझाच पाय चुकला आसंल." फौजदारालाही त्याने तेच सांगितलं. ज्याचं त्याने मान्य केलं, तिथे तुम्ही कशाला भांडता?

पूजेच्या दिवशीचं मनाला लावून घेऊ नका. गोठ्यामागं सावली होती. तुमच्या गाडीला ऊन सोसत नाही म्हणतात.

शालू बरी आहे. दिवाळीला या. मी तुम्हाला आणायला चेअरमनसाहेबांची गाडी मागतो.

आपला,
हंबीरराव

---

सातारा,
१७ नोव्हेंबर १९७४

गुंडा,

माझाच पाय चुकला असेल, असं तू पोलिसांना सांगितलंस म्हणे. "असेल" म्हणजे काय? पाय तुझ्या स्वतःच्या अंगाला आहे. तो चुकला की नाही हे तुला माहीत नाही तर कोणाला?

तू माझ्याकडे शिकायला आलास तेव्हा पहिला आठवडा मी तुला गाडी हलवू दिली नव्हती. नुसतं पेडलांवर पाय ठेवून बसवलं होतं. गल्लीतली पोरं हसायची. तीनही पेडलं अंधारात ओळखणारा पाय वळणावर चुकतो, हे मला पटत नाही. आणि तुला पटलं असेल तर मला तुझाही राग आला आहे, हंबीरच्या खालोखाल.

काय झालं ते मला लिहून कळव. काय झालं असेल ते नको. पाय कुठे होता, पेडल कसं लागलं, ते लिही. कोणी काय म्हटलं ते मागाहून.

चंद्राबाई

---

रहिमतपूर,
२२ नोव्हेंबर १९७४

आक्कासाहेबांच्या पायांशी गुंडाचा दंडवत.

तुमचं पत्र बापाला वाचून दाखीवलं. बाप म्हनला, शिव्या हायत म्हंजे काळजी हाय.

आक्कासाहेब, झालं ते लिवतो. वळन आलं तवा म्या पाय बिरेकवर ठेवला. पहिल्यांदा जरा लागला, मंग लोन्यात बोट जावं तसा खाली गेला. तळाला. म्या परत दाबला, परत दाबला. काय न्हाई. शालूवैनी म्हनल्या, "गुंडा, आरं थांबीव." म्या म्हनलो, "वैनी, धरून बसा." गेर खाली घेतला, हातबिरेक वढला, खडी दिसली तितं घातली. ह्ये झालं.

पन नंतर पंपावर समदी जमली. नानासो म्हनले, "गुंडा, सम्राटचा बिरेक गेल्याला कवा बघितलाईस का? ऐकलाईस का?" म्या लय इचार केला. न्हाई ऐकला. मंग मलाच वाटाया लागलं का, पाय क्लचवर पडला आसंल. घाबरल्यावर मानसाला कळत न्हाई. सम्राट चुकनार का मी चुकनार? गाडी केवढी, मी केवढा. फौजदारांनी इच्यारलं तवा तोंडातनं त्येच आलं.

एक मातूर खरं सांगतो. तुमची मर्लिन आसती आन् तिचा बिरेक गेला आसता, तर म्या छातीठोक सांगितलं आसतं का बिरेक गेला. समद्यांनी मानलंबी आसतं. कुनी माझ्या पायाचं नावबी काढलं नसतं.

तुमी माझ्यापायी भावासंगं वाकडं घेऊ नगा. लायसन गेलं तर शेतावर जाईन. डायवरकी नशिबात न्हवती म्हनायची.

तुमचा,
गुंडा कोंडीबा

---

सातारा,
१ डिसेंबर १९७४

हंबीर,

काल मी माझ्या "डबीतून" कराडला जाऊन आले. डबी उकळली नाही, ढकलावी लागली नाही. उंब्रजजवळ एक सम्राट झाकण उघडून रस्त्याच्या कडेला धूर सोडत उभी होती, तिला मात्र वळसा घालावा लागला. तिच्याभोवतीची माणसं म्हणत होती, "रस्ताच लय वाईट झालाय." रस्ता तोच होता, मीही त्याच्यावरच होते. मागे माझ्या चाकात खिळा घुसला होता, तेव्हा जमलेली माणसं "मर्लिन न्हवं, मग हुनारच" म्हणाली होती. कोणाला खिळ्याची आठवण आली नव्हती.

तुझी गाडी ज्या गॅरेजात पडली आहे तिथे गेले. मेकॅनिक ज्योतिबा म्हणाला, "बाई, लांब ऱ्हावा, लुगडं खराब हुईल." मी म्हटलं, "माझं लुगडं मी धुते. तू ब्रेकचा सिलिंडर खोल." महिनाभर तुझी गाडी त्याच्या दारात आहे आणि ब्रेक उघडून पाहायला त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. पुढचं नाक ठोकून रंगव, एवढाच तुझा निरोप.

त्याने खोलला. आतलं रबरी वायसर फुगलेलं, कड फाटून लोंबत असलेली. ज्योतिबाने ते बोटात धरून उजेडात फिरवून पाहिलं. मी विचारलं, असं वायसर असल्यावर काय होतं? म्हणाला, "पेडल तळाला जातं." हे लिहून दे म्हटलं, तर हात जोडायला लागला. "लिवून मागू नका. माझं समदं गिऱ्हाईक सम्राटवाल्यांचं हाय."

तर मग मी पुढे गेले. माझ्या मर्लिनचाही सिलिंडर त्याला खोलायला लावला. दोन्ही शेजारी ठेवले. हंबीर, दोन्ही एकच आहेत. आकार तोच, भोकं तीच, दोन्हींच्या पोटावर घोड्याच्या नालाचा तोच छाप. दोन्ही कंपन्या हा भाग एकाच कारखान्यातून विकत घेतात आणि आपापल्या गाडीत बसवतात. तुझ्या सम्राटच्या ब्रेकला आणि माझ्या डबीच्या ब्रेकला एकाच आईने जन्म दिला आहे. फरक एवढाच, की मी माझा ब्रेक दर पावसाळ्यानंतर दाखवते, कारण माझ्या गाडीवर कोणाचा विश्वास नाही. तुझा कोणी पाहत नाही, कारण सगळ्यांचा विश्वास आहे.

गुंडाचा पाय चुकला नव्हता. आता तरी फिर्याद मागे घे.

चंद्राक्का

---

पलूस,
६ डिसेंबर १९७४

ती. चंद्राक्कास,

सा. न. तुमचे उपकार कसे मानू कळत नाही. मी फक्त पायाला दोष देत होतो, तुम्ही चोर पकडून दिलात.

तुमचं पत्र घेऊन मी स्वतः नानासोसह कराडला गेलो. सिलिंडर पाहिला. बरोबर आहे, मर्लिनचाच आहे. माझ्या सम्राटमध्ये मर्लिनचा सिलिंडर कुठून आला? कंपनीने तर बसवला नसेल. सहा महिने गाडी कोणाच्या ताब्यात होती? मर्लिनची सवय कोणाला होती? गुंडाने अस्सल सिलिंडर काढून विकला आणि त्या जागी मर्लिनचा हलका माल बसवला. नानासो बघताक्षणीच म्हणाला, "तवाच. म्या म्हनत हुतो, सम्राटचा बिरेक जातोय कसा!" सगळा उलगडा झाला. माझ्या मनालाही बरं वाटलं, कारण खरं सांगतो आक्का, मध्ये एकदा मलाही शंका आली होती.

काल चोरीची दुसरी फिर्याद दिली. गुंडाला रहिमतपुराहून उचललं आहे. तुमचं पत्र फौजदाराला दाखवलं. त्यांनी तुमच्या अक्षराची स्तुती केली.

शालूचं प्लास्टर १५ तारखेला, रविवारी, मिरजेला काढायचं आहे.

आपला,
हंबीरराव

---

सातारा,
९ डिसेंबर १९७४

हंबीर,

गुंडाला काल मी जामिनावर सोडवून आणलं. तो माझ्याशी एक शब्दही बोलला नाही. गाडीत मागच्या सीटवर बसला, पुढे ये म्हटलं तरी आला नाही. माझ्या हाताने लिहिलेल्या पत्रावर तू त्याला चोर ठरवलंस. मदर सुपीरियर आम्हाला सांगायची की रागावून कधी काही लिहू नये, दुसऱ्या दिवशी थंड डोक्याने लिहावं. मी दुसरा दिवस होऊ दिला, तिसराही होऊ दिला. राग तेवढाच आहे.

रविवारी मिरजेहून परतताना सांगलीत मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानाशी थांब. मी तिथे असेन. तुझ्या त्या नानासोला बरोबर घेऊन ये. शालूला गाडीत बसवून ठेवू नकोस, आत आण. आला नाहीस तर सोमवारी मी पलूसला येईन, आणि माझी गाडी गोठ्यामागे लागणार नाही.

चंद्राक्का

---

सातारा,
१७ डिसेंबर १९७४

गुंडा,

तू बोलत नाहीस, पण वाचशील. म्हणून रविवारी सांगलीत जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

दुकानात हंबीर, नानासो, शालू आणि मी. मी दुकानदाराला म्हटलं, सम्राटचा ब्रेक सिलिंडर द्या, कंपनीच्या बंद खोक्यातला, आणि मर्लिनचाही द्या. सम्राटचं खोकं तांबडं, त्यावर मुकुट. मर्लिनचं खोकं साध्या खाकी पुठ्ठ्याचं. दोन्ही सगळ्यांच्या देखत फोडायला लावली. दोन्हींतून एकच वस्तू निघाली, नालाच्या छापाची.

हंबीर म्हणाला, "खोकी बदलली असतील." दुकानदार वैतागला. "साहेब, मी बापजाद्यांपासून इथं आहे. दोन्ही एकाच कारखान्यातून येतात. वर्षानुवर्षं. सम्राटच्या खोक्याला पैसे जास्त पडतात, ते मुकुटाचे."

नानासोने दोन हातांत दोन सिलिंडर घेतले, तोलून पाहिले, आणि डावा हात वर करून म्हणाला, "ह्यो सम्राटचा. वजनच सांगतंय."

"नानासो, तो मर्लिनचा आहे," दुकानदार म्हणाला.

मला वाटलं, संपलं. पण हा नानासो असा संपणारा नाही. दोन्ही खाली ठेवून म्हणाला, "म्हंजे मर्लिनवाले सम्राटचा माल वापरत्यात. तवाच ती डबी जरा तरी चालती." आणि हंबीरने मान हलवली! गुंडा, मी त्या दोघांच्या डोक्यात तो सिलिंडर घालणार होते. उचललाही होता.

तेवढ्यात शालू बोलली. नुकताच सुटलेला हात पदराखाली धरून ती कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. आवाज चढवला नाही. म्हणाली, "आवं, दसऱ्याच्या आदी कारखान्याच्या फाटकाला गाडी धडाकली. तवा गुंडा सुट्टीवर हुता, तुमीच चालवत हुता. काय म्हनाला हुता मला?"

हंबीर म्हणाला, "त्याचा इथं काय संबंध?"

"काय म्हनाला हुता?"

"चप्पल अडकली म्हणालो होतो."

"तुमी बूट घातलं हुतं," शालू म्हणाली. "मीच पुसून दिलं हुतं. तवा म्या काय बोलले न्हाई. आन् पुढं महिन्यानं तुमी मला त्याच गाडीत बशिवली."

दुकानदार खोकी आवरायला लागला. नानासो बाहेर बिडी ओढायला गेला. हंबीर खाली बघत होता. बुटांकडेच बघत होता की काय, मी विचारलं नाही. तेवढी दया मी केली, ती माझ्या स्वभावात बसत नाही.

म्हणजे बघ. फौजेतून कॅप्टन होऊन आलेल्या माणसाचंही पेडल तळाला गेलं, आणि त्यानेही गाडीला दोष दिला नाही, पायातल्या नसलेल्या चपलेला दिला. तू एकटा नाहीस. आणि हे सांत्वन म्हणून लिहिलेलं नाही. तुम्हा दोघांनाही स्वतःच्या पायापेक्षा सम्राटच्या नाकावरच्या पितळेच्या मुकुटाची जास्त खात्री, याचा मला संताप येतो म्हणून लिहिलं आहे.

आता पुढचं हंबीर काय करतो ते बघू.

चंद्राबाई

---

पलूस,
२४ डिसेंबर १९७४

ती. चंद्राक्कास,

दोन्ही फिर्यादी मागे घेतल्या आहेत. लायसन परत मिळेल. गुंडाला मी मोठ्या मनाने माफ केलं आहे. हवं असेल तर परत कामावर घेईन. ब्रेक नवा बसवला आहे.

हा विषय इथे संपवावा. शालू माझ्याशी बोलत नाही.

हंबीरराव

---

सातारा,
२७ डिसेंबर १९७४

हंबीर,

माफ? कशाबद्दल? तुझी बायको जिवंत ठेवल्याबद्दल? तुझा फाटका ब्रेक पायाखाली असताना गाडी दरीत न घातल्याबद्दल? ज्याचा गुन्हा नाही त्याला माफ करणं म्हणजे त्याचा गुन्हा होता असं गावभर सांगणं. कोर्टात निदान त्याला नाही म्हणायची सोय होती. तुझ्या मोठ्या मनापुढे ती सोयसुद्धा नाही.

त्याची अब्रू गेली ती कोर्टात नाही गेली. कारखान्याच्या पेट्रोल पंपावर, ड्रायव्हरांच्या घोळक्यात गेली. तिथेच जाऊन तुला बोलावं लागेल. उभं राहून, मोठ्याने. "ब्रेक माझ्या गाडीचा गेला होता. गुंडाचा पाय चुकला नव्हता. त्याने चोरी केली नाही." एवढी तीन वाक्यं. फौजेत तू याहून लांब हुकूम पाठ म्हणत असशील.

कारखान्याची वार्षिक सभा जानेवारीत आहे, मला ठाऊक आहे. त्याच्या आधी हे झालं नाही तर सभेच्या दिवशी माझी मर्लिन फाटकात आडवी लावीन आणि येणाऱ्या प्रत्येक सभासदाला बुटांची गोष्ट सांगेन. सगळी उसाची मंडळी आहेत, वेळ काढून ऐकतील.

शालू बोलत नाही, हे वाचून बरं वाटलं. तिला सांग, मी म्हटलं म्हणून.

चंद्राक्का

---

रहिमतपूर,
१९ जानेवारी १९७५

आक्कासाहेबांस गुंडाचा दंडवत.

इतके दीस लिवलं न्हाई त्याची माफी. माझ्या तोंडाला कुलूप लागलं हुतं. आता लिवतो.

मालकांनी बोलीवलं म्हनून परवा पलूसला गेलतो. पंपावर समदं डायवर हुतं, नानासोबी हुते. मालक सम्राटमधनं उतरले. टोपी काढली आन् तुमी सांगितलेलं समदं बोलले. बिरेक माझ्या गाडीचा गेलता, गुंडाचा पाय चुकला न्हवता, गुंडानं चोरी केली न्हाई. आवाज चांगला मोठा हुता. आक्कासाहेब, मालकांना सोपं गेलं न्हाई, म्या तोंडाकडं बघत हुतो. मंग ते गाडीत बसले आन् गेले.

त्यास्नी जाऊन दिलं आन् मंग नानासो म्हनले, "बघा रं! मालक आसावा तर आसा. डायवरची भाकरी जाऊ नये म्हनून एवढा मानूस आपल्या गाडीवर आळ घितो." समद्यांनी व्हय व्हय केलं. एकानं तर डोळं पुसलं. एक जन मला म्हनला, "गुंडा, नशीबवान हाईस गड्या. असा मालक सात जल्मात गावायचा न्हाई. जाऊन पाय धर." म्हंजे मालकांचं नाव आनखी मोठं झालं, सम्राटचं व्हतं तितंच ऱ्हायलं, आन् माझा पाय चुकल्यालाच ऱ्हायला. मालकांचा त्यात दोष न्हाई. ते खरं बोलले. कुनी घितलंच न्हाई.

आदीचा मी आसतो तर तसाच घरी आलो आसतो. पन म्या तितंच हुबा ऱ्हायलो आन् म्हनलो, "नानासो, पेडल तळाला गेलतं. माझा पाय बिरेकवरच हुता." ते म्हनले, "आरं आता मिटलं न्हवं? आता कशाला बोलतोस?" म्या म्हनलो, "मिटलं म्हनूनच बोलतोय. तवा तुमचं ऐकून मलाच माझा पाय चुकल्यावानी वाटलं हुतं." ते हासले. मी परत म्हनलो. परत हासले. मंग मी आलो.

मालकांनी कामावर ये म्हनून निरोप धाडला. मी न्हाई म्हनलो. त्यांच्या गाडीचा राग न्हाई, नवा बिरेक बसलाय. पन तितं मी माफ केलेला डायवर हाय.

काल कोयनानगरला ट्रकच्या मालकाकडं गेलतो. धरनाच्या कामावर त्यांचे दोन ट्रक हायत. त्यांनी लायसन बघितलं, हात बघितले, मंग म्हनले, "पलूसचा गुंडा तूच का? तुझा पाय चुकल्याला न्हवं?" आक्कासाहेब, नुसतं व्हय म्हनून आता सुधारलोय म्हनलो आसतो, तर नोकरी लागली आसती. तसं तोंडावरच दिसत हुतं. म्या म्हनलो, "न्हाई. पाय बरुबर हुता. बिरेक गेलता. सम्राटचा." ते हासले आन् लायसन परत दिलं.

उद्या पाटनला दुसऱ्या ट्रकवाल्याकडं जातो. त्यालाबी ह्येच सांगनार.

तुमचा,
गुंडा कोंडीबा